काचपट्टी फुटली आहे

प्रिय वसुधा,

सविनय निवेदन असे की, काचपट्टी फुटली.

तूच बजावले होतेस ना? "पट्टी फुटली तर आधी मला कळवा. किसनला नंतर, पंचायतीला त्याहून नंतर. आधी मला." तेव्हा तू मुरबाडच्या आपल्या घरी उशीला टेकून बसली होतीस आणि अस्मादिकांनी नेहमीच्या औद्धत्याने उत्तर दिले होते, "आज्ञा शिरसावंद्य! परंतु देवी, आपला तत्कालीन पत्ता काय असेल?" तू हसलीस. मग बराच वेळ खोकलीस. पत्ता काही दिला नाहीस. भूगोलाच्या शिक्षिकेने पत्ता न ठेवता निघून जावे, याला काय म्हणावे?

म्हणून हे पत्र पत्त्यावाचून लिहितो आहे. संस्कृताच्या शिक्षकाला उत्तर न येणारी भाषणे करण्याचा अभ्यास असतोच. नववीचा वर्ग साक्षीला आहे.

आठवते का, लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने तुझे नवे नाव लिहिताना माझी छाती केवढी फुगली होती! माहेरची सगुणा, सासरची वसुधा. भूगोल शिकवणाऱ्या वधूला साक्षात पृथ्वीचे नाव! याहून समर्पक नामकरण त्रिभुवनात कोणी केले असेल? तू मान खाली घालूनच पुटपुटलीस, "नाव चांगलंय. पण वसुधा हलते, ते ठाऊक आहे ना?" भटजींना वाटले, नवरी लाजते आहे.

ती हलते आहे, वसुधा. तुझ्या माहेरी.

डोळखांबच्या पुढे डांबर संपते, तिथून चढत गेले की तुझा पाडा आणि पाड्याच्या माथ्यावर ती काळ्या कातळाची भिंत. एका टेकडीतून निघून दुसऱ्या टेकडीत शिरणारी, सुतात धरल्यासारखी सरळ. पाड्यावर तिला भिंत म्हणत नाहीत, 'भीत' म्हणतात. कोणा राक्षसाने सूर्योदयापूर्वी बांधून पुरी केली, असे सांगतात. तुझ्या पणजोबांनी राक्षसाचे ते श्रम वाया जाऊ दिले नाहीत. त्यांनी घराच्या तीनच भिंती बांधल्या आणि चौथ्या जागी भीतच घेतली. काटकसरीचा एवढा भव्य आविष्कार मी अन्यत्र पाहिलेला नाही.

प्रथम जावई म्हणून आलो तेव्हा चुलीमागच्या त्या कातळावर हळदीकुंकवाची बोटे दिसली. "ही कोणती देवता?" मी आदराने विचारले. तुझी आई, आपली आये, पदराने घाम पुसत म्हणाली होती, "देवता नाय मास्तर, आमची भीत हाय. टेका, टेका. भितीला टेकलेला मानूस पडत नाय."

भीतीला टेकून निर्धास्त बसण्याचे असे निमंत्रण मला आयुष्यात त्यापूर्वी कोणी दिले नव्हते! ही कोटी मी तिथल्या तिथे केली. कोणी हसले नाही. तू तेवढी चुलीशी वाकून भाकरी उलटण्याचे नाटक केलेस.

त्या घरात जन्मलेल्या लेकराची पाठ आधी भितीला टेकवायची आणि मग आईच्या कुशीत द्यायचे, हा तुमचा कुळाचार. तुझी टेकवली, किसनची टेकवली. लग्न होऊन आलेल्या सुनेलाही क्षणभर तिथे पाठ लावून उभे करायचे. तुमच्या कुळातली माणसे ताठ का चालतात, हे मला तेव्हा समजले. ती वाकत का नाहीत, हे आता समजते आहे.

मग एका दिवाळीच्या सुटीत तू ते नाचणीच्या भाकरीचे व्याख्यान दिलेस. चुलीवरून उतरलेली ऊन भाकरी तू घडी घालून दाखवलीस. वळली. सकाळची उरलेली घेतलीस, तशीच घडी घातलीस. कटकन तुटली. "खडकाचंही हेच," तू म्हणालीस. "खोल, उष्ण जागी सावकाश दाब आला की तो वळतो. वर, थंडीत, एकदम ताण आला की तुटतो." आये म्हणाली, "वळली काय, तुटली काय, खायाचीच ना? पोटात कोन बघतो?" आणि तुझ्या प्रात्यक्षिकाचे दोन्ही पुरावे माझ्या ताटात पडले.

परंतु तू थांबली नाहीस. बोटाने भीत दाखवून म्हणालीस, "फार फार पूर्वी इथली भुई दोन्हीकडून ताणली गेली. समुद्राकडची बाजू खाली कलली. मुरबाडकडच्या डोंगरांचे थर पाहा, सतरंजीचं टोक कोणी खाली ओढावं तसे पश्चिमेला उतरलेत. त्या ताणात भुईला उभे तडे गेले. तड्यांत खालून वितळलेला रस चढला आणि थिजला. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला, थिजलेला रस तेवढा उभा राहिला. ही भिंत नाही, आये. ही भेग आहे. भरलेली भेग."

आयेच्या हातातली फुंकणी थांबली. "सगुणे! घरच्या भितीला भेग म्हनतीस? जीभ झडंल तुजी!"

आणि मी? मी तत्काळ सासरपक्षाला मिळालो. "भित्तीस भेग म्हणणे हा बुद्धिभ्रंश होय," असे मी जाहीर केले. तू शांतपणे म्हणालीस, "भ्रंशच म्हणतात, अहो. भूगोलातसुद्धा." मला त्या दिवशी वाटले, तू माझ्या कोटीवर कोटी केलीस. तू केवळ भुईच्या भेगेची पारिभाषिक संज्ञा सांगत होतीस!

पुढे भुई बोलू लागली. पाड्यावरचा शब्द हा, 'बोलली'. आधी दूरवर कोणी लाकडी पेटी फरफटत नेल्यासारखा आवाज यायचा, मग फडताळातली भांडी एकमेकींना हलकेच शिवायची. माणसे क्षणभर गप्प व्हायची आणि तुटलेल्या वाक्यापासून पुढे बोलू लागायची. सवय ही मोठी भयंकर वस्तू आहे. भीतीची सवय झाली की तिला धैर्य म्हणतात.

तू मात्र बाजूची भिंत जिथे कातळाला भिडते, तिथे गेलीस. केसाएवढी फट होती. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाची एक काचपट्टी तू रीतसर मागून आणलीस आणि तिचे एक टोक भिंतीला, दुसरे कातळाला सिमेंटने घट्ट बसवलेस. मी विचारले, "एवढीशी काच हा डोंगर धरून ठेवणार?"

"धरायला नाही लावली. सांगायला लावली. माणसं दडवतात. काचेला दडवता येत नाही, कारण तिला वाकताच येत नाही."

हे वाक्य तू काचपट्टीविषयी बोललीस. मग, वसुधा, एक विचारू? तुझ्याही आत काही ताणले जात होते, ते तू वाकून वाकून सोसलेस, वर्गावर उभी राहिलीस, प्रश्नपत्रिका काढल्यास आणि वैद्यांकडे गेलीस तेव्हा उशीर झाला होता. माहेरच्या भिंतीला काचपट्टी लावणाऱ्या बाईने स्वतःला एक लावू नये? मला एखादी खूण तरी ठेवायचीस! मी विनोद करत बसलो आणि खालून पेटी फरफटल्याचा आवाज मला ऐकूच आला नाही.

असो. हे उपालंभकाव्य लांबवत नाही.

तू गेल्यापासून दर रविवारी आयेकडे जात होतो. होळी होऊन गेल्यावर एकदा गेलो, तर पट्टी मधोमध फुटलेली. दोन्ही तुकडे जागेवर होते, पण समपातळीत नव्हते. कातळाकडचा किंचित वर आणि भिंतीकडचा खाली. मी बोट फिरवले. पायरी लागली. एवढीशी पायरी. मी बोट पुन्हा फिरवून पाहिले.

"मांजरानं पाडली आसंल," आये म्हणाली.

"आये, सिमेंटात बसवलेली काच मांजर कसे फोडील?"

"आमचं मांजर तुमाला म्हाईत नाय."

मांजर कित्येक दिवस घरात फिरकलेच नव्हते, हे मला शेजारणीने सांगितले.

मग मी एकेक पाहत गेलो. पुढचे दार लागत नव्हते. चौकट तिरकी झाली होती, त्यामुळे आये दाराला दोरी बांधून निजत होती. भितीच्या पायथ्याशी, अंगणाच्या बाजूला, ऐन वैशाखातही न आटणारा तुमचा झरा कोरडा पडला होता. "गेला कुठे?" मी विचारले. आयेने मान वळवली नाही. "पल्याड निघालाय." राक्षसाच्या त्या भिंतीने पिढ्यान्‌पिढ्या अडवून धरलेल्या पाण्याला आता तिच्यातून वाट सापडली होती. तू असतीस तर याचा अर्थ फळ्यावर काढून दाखवला असतास. मला फळ्यावाचून समजला. कातळ आरपार तडकला होता आणि त्याच्या पायथ्याशी तुझी आई चूल पेटवत होती.

पंचायतीत सांगितले. एक गृहस्थ आले, त्यांनी फट पाहिली, आपला अंगठा तिच्यात घालून पाहिला आणि "पावसाच्या आत घर खाली करा" असे म्हणून डोंगर उतरले. अंगठा तेवढा फटीत मावला, हे मी तुला सांगतो आहे. आयेला सांगितले नाही.

तुझा भाऊ किसन कसाऱ्याहून टेम्पो घेऊनच आला. महामार्गाच्या कामावरचा माणूस, त्याला डोंगर म्हणजे बाजूला सारायची वस्तू वाटते. अंगणातूनच ओरडला, "आये, चल! बस गाडीत. सामान मागाहून बघू. दाजी, टाइम नाय आता, तुमी तिकडून धरा, मी इकडून धरतो!"

आये उठली, आत गेली आणि भितीला पाठ लावून बसली. "धर. भितीसकट उचल."

"आगो, मरशील गो इथं!"

"मग मरन. तुजा बाप हिलाच टेकून गेला. तू सिमेंटच्या रस्त्याला टेकून बस जा."

किसन रडकुंडीला आला, टेम्पो रिकामा घेऊन गेला. आणि मला ती शिळी भाकरी आठवली. थंडीत, एकदम, जोराने! तुटणार नाही तर काय? ऊब हवी, सावकाश हवे. परंतु वसुधे, तुझ्या खडकांपाशी युगे असतात. माझ्यापाशी पावसाळ्यापूर्वीचे दिवस होते आणि तेही सगळे असतील याची शाश्वती भुईने दिली नव्हती.

शाळेला सुटी लागली, मी पाड्यावर राहायलाच गेलो. आये म्हणाली, "मास्तर, तुमाला झोप येल का हितं?" मी म्हटले, "संस्कृताचा मनुष्य कोठेही झोपतो, आमचे विद्यार्थी आमच्याकडूनच ती विद्या घेतात." झोप आली नाही. घर सोडण्याविषयी मी अवाक्षर काढले नाही. पाणी भरले, पाने लावली, तिने तुझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या त्या ऐकल्या. तू आंब्याच्या झाडावर चढून 'मुंबई दिसते' असे खोटेच सांगायचीस म्हणे! त्या गोष्टी चालू असतानाही माझा एक कान जमिनीकडे होता. मध्येच भुई बोलायची. आये थांबायची. मग, "तर मी काय सांगत हुते..."

एके दुपारी ती चुलीपाशी होती. कातळाला हात लावला आणि तसाच ठेवला. मग तळहात माझ्यापुढे धरला. ओला होता. कडक उन्हाळ्यात, आतल्या बाजूने, भीत पाझरत होती.

"घाम फुटलाय हिला," आये म्हणाली.

मी जपून विचारले, "आये, घाम कधी फुटतो?"

"काम केल्यावं."

"आणि?"

"आनि भ्याल्यावं." तिने कातळाकडे पाहिले. "म्हंजी भ्याली व्हय ही?"

मला नेहमीची कोटी करायची होती, ती गिळली. मी खरे तेच सांगितले. "आये, आमच्या संस्कृतात भ्यालेल्या माणसाला भीतच म्हणतात."

"तुमच्या संस्कृतात आमची भीत कशी गेली?"

याला उत्तर देता देता मी अडखळलो, वसुधा. तुमची भीत म्हणजे भित्ती, आणि भित्ती कशापासून झाली? 'भिद्' धातूपासून! भिद् म्हणजे तोडणे, चिरणे, फोडणे. भेद ज्यातून आला त्याच धातूतून भिंत आली आहे. ही व्युत्पत्ती मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली, मुलांकडून घोकून घेतली. आणि तू भाकरीच्या तुकड्यांनिशी तेच सांगत होतीस, तर बुद्धिभ्रंश म्हणालो! शब्दाच्या पोटातच भेग होती. मी ती तोंडपाठ केली होती.

आये माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणालो, "सगुणा म्हणत होती ते बरोबर होते."

तिने जीभ झडण्याचा उच्चार केला नाही. पुन्हा कातळावर हात फिरवला, ज्वरात पडलेल्या माणसाच्या कपाळावरून फिरवतात तसा. "लय जनांनी टेकलं हिला. माजी सासू, माजा नवरा, पोरां..." मग एकाएकी उठली. "भ्यालेल्याच्या पाठीवं भार टाकू नये, मास्तर. चला. हिला मोकळी करू."

तू पाहायला हवी होतीस! किसनच्या टेम्पोने, पंचायतीच्या अंगठ्याने, माझ्या समग्र वक्तृत्वाने जे झाले नाही, ते एका ओल्या तळहाताने झाले. आये स्वतःला वाचवायला निघाली नव्हती. भितीवरचे ओझे उतरवायला निघाली होती.

चूल विझवली. कातळाला हळदकुंकू लावले, ते पाझरणाऱ्या पाण्याने ओघळून खाली आले. तो ओघळ आम्ही दोघांनी पाहिला. गाठोडी घेऊन अंगणात आलो. निरोप मिळताच किसन आला होता, खालच्या वळणावर टेम्पो लावून उभा होता. आये एकदम थांबली. "आगो बाय! दिवा ऱ्हायला आत. देव्हाऱ्यातला." मी वळलो.

आणि दार लागले.

वारा नव्हता. ज्या दाराला दोरी बांधूनही फट राहत होती ते दार, आमच्यादेखत, कुरकुरत आपल्या चौकटीत जाऊन बसले. पेटी फरफटल्याचा आवाज मागाहून आला. मी धावत जाऊन ढकलले. खांदा लावला. वसुधा, ते उघडले नाही. चौकटीने त्याला मुठीत धरल्यासारखे आवळले होते.

"ऱ्हाऊ द्या," आये म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "दिवा तिला ऱ्हाऊ द्या."

घर अजून उभे आहे, असे पाड्यावरचे लोक सांगतात. खालच्या बाजूची घरेही आता एकेक करून रिकामी होत आहेत. आये निघाली म्हटल्यावर त्यांचाही भितीवरचा विश्वास उडाला. आभाळ भरून येते आहे. मी रोज सकाळी डोळखांबच्या दिशेला पाहतो, जणू येथून काही दिसणार आहे! तू आंब्यावरून मुंबई पाहायचीस, तसेच.

आये मुरबाडला आपल्या घरी आहे. खोली तुझी दिली. पहिल्याच संध्याकाळी तिला म्हटले, "टेका, आये." तिने भिंतीवर बोटाने टकटक केले.

"ही भीत कशाची?"

"विटांची."

"आनि हिच्या मागं?"

"मागे काही नाही. शेजाऱ्यांची मोरी."

"मंग टेकू कशाला?"

तेव्हापासून ती खोलीच्या मधोमध बसते. ताठ, कशालाही न टेकता, तुमच्या कुळाला साजेल अशी. खाली जात्याची घरघर झाली, रस्त्यावरून जड ट्रक गेला, की जमिनीवर तळहात ठेवते आणि वाट पाहते. माझ्याकडे पाहत नाही. मीही तसाच तळहात ठेवतो, हे तिला दिसते. वय झाले आहे तिचे. दुपार कलली की पाठ दुखू लागते, पण सांगत नाही. तुझीच आई ती!

काल मी एक उद्योग केला. तिच्या मागे जाऊन बसलो आणि माझी पाठ तिच्या पाठीला लावली. "काय करता मास्तर?" ती दचकली. मी म्हणालो, "आये, हा कुळाचार. या घरात आलेल्या माणसाची पाठ आधी टेकवतात." हळूहळू, अगदी सावकाश, तिचा भार माझ्यावर आला. ऊन भाकरीसारखी वळली, वसुधा. तुटली नाही.

तेव्हा तुला वचन देतो. तिला त्या घरी परत जाऊ देणार नाही, ती रुसली तरी, अन्न सोडले तरी. घर पडल्याचे वर्तमान येईल, तेव्हा ते तिला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळणार नाही. आणि पाऊस संपेपर्यंत, त्याच्यानंतरही, रोज संध्याकाळी तिच्यामागे बसेन. आधार म्हणून मी फारसा भरवशाचा नाही, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक? माझ्या मागेही काही नाही. तू होतीस, ती जागा रिकामी आहे. तरीही बसेन. जमीन बोलली तरी उठणार नाही.

पट्टी फुटली, ती आधी तुलाच कळवली आहे. पोच पाठवता आली तर पाठव.

तुझी आणि आता तुझ्या आईची,
दोन्ही अर्थांनी
भीत